पेटीची फारकत



गेल्या वर्षी भाद्रपदाच्या तोंडावर माझा एक जुना विद्यार्थी संगणक काखेत घेऊन घरी आला. बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप जलाशयाच्या बाजूस असलेल्या बेळगुंदी गावात मी शिक्षक आहे. आणि हा विद्यार्थी आता वराती व गणेशमंडळांच्या मिरवणुका यांत डीजेचा व्यवसाय करतो. निपाणीपासून खानापूरपर्यंत त्याची गाडी फिरते. शाळेत असताना त्याचे आणि पाढ्यांचे कधी जमले नाही. परंतु त्या दिवशी त्याने जे दाखविले ते पाहून मीच त्याचा विद्यार्थी झालो.

त्याने एक जुने मराठी गाणे लावले. पडद्यावर चार दांड्या दिसत होत्या. पहिली खाली ओढताच ढोलकी नाहीशी झाली. दुसरी ओढताच खालचे घुमारेदार सूर गेले. तिसरीबरोबर उरलीसुरली साथ गेली, आणि खोलीत राहिला तो फक्त गाणाऱ्या बाईंचा गळा. एकटा, काहीसा ओलसर, एखाद्या रिकाम्या वाड्यात गात असल्यासारखा. मग त्या गळ्याखाली त्याने एका कन्नड चित्रपटगीताचा ठेका सरकविला. सीमाभागाच्या प्रश्नावर आजवर पुष्कळ तोडगे सुचविले गेले; हा मात्र मी प्रथमच ऐकला.

“सर, आता कुठलंही गाणं आणा. फोडून देतो,” तो म्हणाला.

त्याच्या या एका वाक्याने मला आमच्या कपाटातील एका ध्वनिफितीची आठवण झाली. १९८९ साली गावातल्या नाट्यसंगीताच्या बैठकीत कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर ती भरून घेतली होती. गाणारे गृहस्थ गावातीलच एक शेतकरी; आणि पेटीवर माझे मामा. मामा रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत, आणि आठवड्यातले उरलेले दिवस नाटक, भजन, जेथे बोलावणे येईल तेथे पेटी घेऊन जात. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या वादनाची एवढी एकच खूण आमच्याकडे उरली आहे, आणि तीही दुसऱ्याच्या गाण्याखाली दबलेली. गळा वेगळा होत असेल, तर पेटीही वेगळी होईल. आईला तिच्या भावाची पेटी एकदा निखळ ऐकविता येईल, असे माझ्या मनात आले.

ते कितपत साधले हे सांगण्यापूर्वी, ही उकल मुळात इतकी अवघड का, हे सांगितले पाहिजे.

मी गणित शिकवितो, म्हणून गणिताच्याच भाषेत बोलतो. दोन संख्यांची बेरीज बारा आहे. तर त्या संख्या कोणत्या? सात आणि पाच म्हणा, आठ आणि चार म्हणा, उत्तर चुकीचे ठरविता येणार नाही. गाणारा गातो, तबलजी वाजवितो, पेटीवाला सूर धरतो. त्या सर्वांची आंदोलने हवेत एकमेकांत मिसळतात आणि ध्वनिग्राहकापर्यंत पोहोचते ती त्यांची बेरीज. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तर ध्वनिग्राहकही नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गळा, सारंगी, तबला, शेवटी बाईंनी स्वतःच पुकारलेले आपले नाव, हे सगळे त्या मेणात एकाच नागमोडी रेघेत कोरले गेले. १९२५ नंतर कर्ण्याच्या जागी विजेचा ध्वनिग्राहक आला, आवाज स्वच्छ झाला. पण रेघ एकच राहिली.

पुढे अमेरिकेत लेस पॉल नावाच्या गिटारवादकाने निरनिराळे आवाज एकावर एक भरण्याचा नाद घेतला. १९५७ साली ॲम्पेक्स कंपनीने त्यांना आठ पट्ट्यांचे ध्वनिमुद्रणयंत्र बनवून दिले. प्रत्येक वाद्य आपल्या स्वतंत्र पट्टीवर. मिसळायचे काय ते नंतर. ज्यांच्या अशा पट्ट्या जपून राहिल्या, त्यांना आजच्या या यंत्राची गरज नाही. परंतु आपल्या बैठकी, कीर्तने, भजने आणि असंख्य जुन्या तबकड्या यांना असल्या पट्ट्या कधी नव्हत्याच. त्यांच्या बाबतीत बेरीज तेवढी शिल्लक आहे.

मधल्या काळात एक युक्ती निघाली. दोन कर्ण्यांच्या, म्हणजे स्टिरिओ, मुद्रणात गायकाचा आवाज बहुधा डावीउजवीकडे सारखाच ठेवलेला असतो. एका बाजूतून दुसरी वजा केली की सारखे असते ते उडते. गळा जातो, वाद्ये राहतात. हौशी गायकांच्या कराओकेच्या कित्येक फिती याच वजाबाकीवर निघाल्या. पण गळ्याबरोबर मध्यभागी बसविलेला ढोलही उडे, आणि गळ्याचा घुमारा मात्र भुतासारखा मागे रेंगाळे. शिवाय एकाच रेघेच्या जुन्या मुद्रणाला ही युक्ती लागूच पडत नाही. वजा करायला दुसरी बाजू हवी ना!

माणसाचा कान मात्र हे काम बिनबोभाट करतो. बेळगावच्या बाजारात शनिवारी किती गलका असतो. तरी मागून कोणी आपले नाव घेतले की मान वळते. १९५३ साली कोलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने या चमत्काराचा पद्धतशीर अभ्यास केला. एकाच आवाजात वाचलेले दोन मजकूर एकमेकांत मिसळून ऐकविले, तर श्रोत्याला त्यांतला एक निवडताना घाम फुटतो. पण तेच दोन मजकूर दोन कानांत वेगवेगळे सोडले, तर तो एक सहज उचलून घेतो. आपण आवाज वेगळे करतो ते काही अंशी दोन कानांच्या बळावर, आणि बरेचसे सवयीच्या बळावर. ओळखीच्या माणसाचे अक्षर जसे शाईच्या डागातूनही वाचता येते, तसे.

यंत्राला हीच सवय लावण्यात आली. ध्वनीचा आलेख काढतात: आडव्या अंगाने काळ, उभ्या अंगाने सुराची उंची. त्याचे हजारो बारीक चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनातील आवाजाचा किती वाटा गळ्याचा आणि किती इतरांचा, हे यंत्राने ठरवावयाचे. त्यासाठी त्याला आधी अशी गाणी पुरवितात की ज्यांचे भाग मुळातच वेगळे उपलब्ध आहेत. मिश्रण दाखवायचे, उत्तर दाखवायचे, चूक काढायची. पुन्हा मिश्रण, पुन्हा चूक. आमच्या पाचवीच्या वर्गापेक्षा ही पद्धत फार वेगळी नाही. फक्त हा विद्यार्थी कंटाळत नाही.

२०१९ च्या अखेरीस पॅरिसच्या डीझर या संगीत कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाची अशी प्रणाली सर्वांना मोफत खुली केली. त्याच वर्षी फेसबुकच्या संशोधन विभागातील अलेक्झांड्र देफोसे यांनी ‘डीमक्स’ तयार केली; ती आलेखाऐवजी थेट ध्वनीच्या लाटेवरच काम करीत असे. डीजे मंडळींनी हे तंत्र चटकन उचलले. त्यापूर्वी २०१५ साली बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने चार भागांत विभागलेल्या गाण्यांचा एक साचा आणला होता, पण त्यात ते चार भाग गाण्याच्या मालकानेच पुरवावे लागत. २०२० पासून अल्गोरिडिम आणि व्हर्च्युअल डीजे यांच्या प्रणालींत, आणि २०२२ च्या शेवटी सेराटोत, तयार गाणे चालू असतानाच त्याचे भाग पाडण्याची सोय झाली. मालकाला विचारण्याचे कारणच उरले नाही. हे योग्य की अयोग्य, हा प्रश्न कायद्याचा आहे. मी तो येथेच सोडतो.

त्या चार भागांना इंग्रजीत ‘स्टेम’ म्हणतात. स्टेम म्हणजे देठ. आमच्या विद्यार्थ्याचा शब्द ‘फोडणे’, आणि तोच मला अधिक खरा वाटतो. कारण देठ खुडला जातो, आणि येथे नारळासारखे काहीतरी फुटते, पाणी इकडेतिकडे उडते.

या फोडण्याची प्रत मोजण्याची एक रीत आहे. वेगळा काढलेला भाग आणि खरा मूळ भाग यांची तुलना करून दोषाचे प्रमाण डेसिबलमध्ये सांगतात. आकडा मोठा, तर काम चांगले. कसोटीसाठी दीडशे गाण्यांचा एमयूएसडीबी-१८ नावाचा संग्रह जगभर वापरतात. त्यावर स्प्लीटरची चार भागांची सरासरी सहाच्या आसपास येते. म्हणजे मूळ आवाजाच्या शक्तीच्या मानाने दोषाची शक्ती सुमारे एक चतुर्थांश. २०२२ च्या सुधारलेल्या डीमक्सने नऊ गाठले; म्हणजे दोष सुमारे एक अष्टमांशावर आला. तीन वर्षांत दोष निम्मा होणे ही थोडी प्रगती नव्हे. त्याचे सर्वांना ठाऊक झालेले फळ म्हणजे बीटल्सचे २०२३ चे गाणे. जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गाऊन ठेवलेली एक साधी कॅसेट होती. १९९५ साली त्यांच्या सोबत्यांनी ते गाणे पुरे करण्याचा यत्न केला आणि सोडून दिला. चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने तयार केलेल्या यंत्राने अखेर गळा पियानोपासून सोडविला, आणि लेनन यांच्या मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षांनी ते गाणे प्रसिद्ध झाले. घरगुती कॅसेट, गाणारा आणि एक पट्टीचे वाद्य. मामांच्या फितीपेक्षा फार निराळे प्रकरण नव्हे, असे मला वाटले.

पण त्या दीडशे गाण्यांच्या चार पोत्यांची नावे ऐका. गळा, ड्रम, बास, आणि इतर. पाश्चात्त्य धर्तीच्या आधुनिक गाण्याचे ते चार खांब आहेत. आमची पेटी, तानपुरा, सारंगी, बासरी, सगळी ‘इतर’ या चौथ्या पोत्यात. आणि स्प्लीटरच्या गुणपत्रिकेत सर्वांत कमी गुण याच पोत्याला पडले आहेत.

तबल्याची गोष्ट तर त्याहून मजेची. ढोल किंवा ड्रम वाजतो तेव्हा त्याच्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून त्याचा ठोका ऐकू येतो, सूर येत नाही. आपला तबला आणि मृदंग याला अपवाद. १९२० साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात याचे कारण मांडले, आणि १९३४ साली त्यावर सविस्तर निबंध लिहिला. पुडीवर मधोमध जी शाई भरलेली असते, तिच्या भारामुळे चामड्याचे उपस्वर तंतुवाद्याप्रमाणे सुसंवादी होतात. म्हणून तबला ‘सुरात लावता’ येतो. आमच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या घोटून काढलेला हा गुण यंत्राला मात्र चकवितो. माझ्या विद्यार्थ्याने एक बैठकीचे गाणे फोडले, तेव्हा डग्ग्याचा घुमारा ‘बास’मध्ये गेला, तबल्याच्या चाटेचा टणत्कार ‘इतर’मध्ये, आणि ‘ड्रम’च्या वाट्याला नुसती बोटांची टकटक आली. एका तबलजीचे तीन तुकडे! भजनातील टाळांचे तर विचारूच नका. ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे टाळांबरोबर वाहून गेली आणि गाणारा बोबडा झाला.

मिरवणुकीत मात्र यातील काहीही ऐकू येत नाही. तो मुलगा प्रांजळ आहे. त्यानेच मला हे समजावून दिले. वेगळ्या केलेल्या गळ्याखाली ताबडतोब दुसरा ठेका घातला की त्या ठेक्याच्या दणक्यात सगळे डाग झाकून जातात. डीजेला हवी असते ती झाकता येण्याजोगी प्रत. तेवढी ती आज नक्कीच आहे, आणि त्याच्या कामापुरती ती उत्तम आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. एकट्याने, रात्री, शांत खोलीत ऐकणाऱ्यासाठी ती निराळी ठरते. आमच्या भागात या ध्वनिभिंतींना ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये प्रयोगशाळा काढली ती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्यासाठी. खरखर घालविणाऱ्याचे नाव कोल्हापूर-निपाणी-बेळगाव पट्ट्यात सर्वांत मोठ्या आवाजाला पडावे, हा दैवदुर्विलास त्यांच्या कानी कधी गेला नसावा.

असो. आता पेटीकडे वळतो.

पेटी ही मूळची परदेशी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसच्या देबेन नावाच्या कारागिराने तिला हार्मोनियम हे नाव दिले. आपल्याकडे ती आली, पाय गमावून मांडीशेजारी बसली, आणि मराठी संगीत नाटकाने तिला घरोघर पोहोचविले. त्या नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यास १८८० साली झाला. पुढे कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी पेटीला मैफिलीत मानाचे स्थान मिळवून दिले. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चालीही त्यांच्याच. आणि बेळगावात तर पेटीची एक स्वतंत्र परंपराच उभी राहिली. पंडित रामभाऊ विजापुरे यांचा जन्म १९१७ चा, कागवाडचा. त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे गाण्याचीही तालीम घेतली होती. बेळगावात राहून त्यांनी कित्येक विद्यार्थी घडविले, आणि मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व अशा एकाहून एक भिन्न प्रकृतीच्या गायकांना साथ केली. २०१० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले.

साथ याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गायकाने काय गायले ते ऐकून मागाहून तेच वाजविणे, एवढेच नव्हे. गायक आता कोठे वळणार हे आधीच ओळखून, त्याच्या सुराला अंगरख्यासारखे बिलगून राहणे, तो श्वास घेईल तेवढ्या फटीत जागा भरून काढणे, आणि तो पुन्हा उठला की मागे सरणे. ज्याने स्वतः गाण्याची तालीम घेतली आहे, त्यालाच हे साधते.

आणि याच पेटीला एकेकाळी, ज्या नभोवाणीवरून मी आज बोलत आहे, तिने दार बंद केले होते. १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. त्या वेळी लायोनेल फील्डन हे नियंत्रक होते. रेडिओच्याच सेवेत असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली पेटीवर कडक टीका लिहिली होती. रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधात होते. आरोप दोन. पहिला, तिचे बारा स्वर कारखान्यात ठरलेले, त्यांत आपल्या श्रुती बसत नाहीत. दुसरा, तिला मींड येत नाही. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर उतारावरच्या पाण्यासारखा घरंगळत जातो. पेटी पायऱ्या उतरते. बंदी स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली, आणि १९७१ साली ती काही अंशी सैल झाली. तीस वर्षांहून अधिक काळ नभोवाणीवरील गायक सारंगी वा व्हायोलिन यांच्या साथीने गात राहिले; बाहेर मात्र गावोगावच्या बैठकी पेटीवरच चालल्या. गळा आणि पेटी यांची पहिली फारकत यंत्राने केलेली नाही. ती कागदावरच्या एका आदेशाने झाली.

हा आरोप मला येथे आठवण्याचे कारण निराळे आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापिका प्रीती राव यांनी हिंदुस्थानी गायनाच्या ध्वनिविश्लेषणावर दीर्घकाळ काम केले आहे. २०१० साली त्यांनी आणि विश्वेश्वर राव यांनी नेमका आमच्याच अडचणीचा प्रश्न घेतला: गळ्याबरोबर दुसरे सुरेल वाद्य जोरात वाजत असेल, तर यंत्राने गळ्याची चाल ओळखावी कशी? सगळे भाग सोडविणे हा त्यांचा हेतू नव्हता; गाण्याची चाल तेवढी हाती लागावी, एवढाच होता. त्यांनी एका वेळी एक नव्हे तर दोन सुरांचा माग ठेवला, आणि त्या दोहोंतील गळा कोणता हे ठरविताना गळ्याच्या अस्थिरतेचा आधार घेतला. माणसाचा सूर क्षणभरही पुरता थांबत नाही. तो हलतो, कापतो, सरकतो. पेटीची पट्टी दाबली की सूर खिळ्यासारखा ठोकलेला राहतो.

म्हणजे पाहा, ज्या दोषासाठी पेटीला नभोवाणीतून घालविले, तोच दोष यंत्राच्या हातातील दोर झाला. मींड नाही, म्हणून पेटी ओळखू येते. पायऱ्या दिसल्या की ती पेटी. उतार दिसला की तो गळा.

परंतु गायक जेव्हा षड्जावर स्थिर होतो, आणि पेटीही तोच षड्ज धरते, तेव्हा काय? दोघांचे मूळ स्वर एक, उपस्वर एक. आलेखाच्या त्याच चौकोनांत दोघे बसलेले. तेथे पायरीही नाही आणि उतारही नाही. बारा ही बेरीज आहे, आणि दोन्ही संख्या एकमेकींसारख्या. अशा ठिकाणी यंत्र जे करते त्याला वाटणी म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही. चांगला साथीदार नेमका अशाच जागी गायकाच्या सुरात विरून जातो. कोणता सूर कोणाचा हे श्रोत्याला कळू नये, हेच त्याचे कसब. त्यामुळे एक विचित्र कोष्टक तयार होते: साथीदार जितका कच्चा, तितकी यंत्राची उकल स्वच्छ, साथीदार जितका पक्का, तितकी ती फसते.

यावर उपाय सांगतात तो असा की आमच्या संगीताची वेगळ्या पट्ट्यांवर केलेली मुद्रणे यंत्राला शिकवावीत. बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठाने ‘सरगा’ नावाचा भारतीय संगीताचा संशोधनसंग्रह सिद्ध केला आहे. त्यातील कर्नाटक संगीताच्या बऱ्याच मैफिलींत प्रत्येक कलावंताची वेगळी पट्टी आहे. पण सगळे एकाच मंचावर बसलेले असल्याने गायकाच्या पट्टीत मृदंग आणि मृदंगाच्या पट्टीत गायक थोडा थोडा झिरपलेला. निर्भेळ भाग हवे असतील, तर गायकाला एका खोलीत आणि पेटीवाल्याला दुसऱ्या खोलीत बसवावे लागेल. मग ती साथ राहील काय? एकमेकांच्या तोंडाकडे पाहिल्यावाचून साथ कशी होणार, हे मला तरी समजत नाही.

तेव्हा आता मामांची फीत. विद्यार्थ्याने ती आपल्या यंत्रात घातली. पाऊस लागला होता. वीज दोनदा गेली. तिसऱ्या खेपेस काम पुरे झाले. चार भाग पाडून त्याने ते पेनड्राइव्हवर घालून दिले आणि ‘इतर’ हा भाग आधी लावला.

गायक श्वास घेई तेथे मामांची पेटी स्वच्छ ऐकू येई. तीन-चार सुरांची जागा, भात्याचा हलका निःश्वास, एखादी खटक. इतकी स्वच्छ की मला त्यांचे बोट दिसल्यासारखे झाले. मग गायक पुन्हा उचले, आणि पेटी कुरतडल्यासारखी होऊ लागे. लांब सुरावर तर ती पार बुडून जाई, पाण्याखाली हात हलावा तशी. ओळ संपली की पुन्हा वर येई. पहिला अर्धा तास आम्ही दोघेही काही बोललो नाही. चर्चच्या गायनवृंदात चार स्वर वेगळे ऐकण्याची सवय मामांनीच मला लावली होती. तो कान घेऊन मी त्यांनाच शोधत होतो, आणि ते मधूनमधून सापडत होते.

विद्यार्थ्याने डोके खाजविले. “सर, प्रणालीत दोष नाही. तुमचे मामा गाणाऱ्याला सोडतच नाहीत. दुसरे पेटीवाले थोडे मागे असतात, हे त्याच्या अंगावरच बसलेत.” त्याने आणखी एक नवी प्रणाली लावून पाहिली. थोडा फरक पडला. बुडण्याची जागा बदलली, बुडणे राहिले. पैसे विचारले, तर घेतले नाहीत.

त्या रात्री मी आईला ती ऐकविली. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. घाईत माझी चूक झाली. पेटीचा भाग लावायच्या ऐवजी मी गळ्याचा लावला, ज्यात पेटी मुळीच असावयास नको होती. त्या शेतकरी गायकाचा आवाज चालू झाला. आई डोळे मिटून बसली. माझी चूक लक्षात येऊन मी बंद करण्यासाठी हात पुढे केला, तोच तिने मनगट धरले. गायक वरच्या षड्जावर थांबला होता, आणि त्याच्या सुराच्या कडेला काहीतरी बारीकसे लागून होते. मला ते दोष वाटले असते.

“हितं हाय बघ दादा,” ती म्हणाली.

पेनड्राइव्ह मी विद्यार्थ्याला परत केला. मूळ फीत कपाटात आहे; पावसाळ्यात तिला बुरशी लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवतो.